काचेपलीकडचा सलाम

इपो,
२२ ऑगस्ट १९९३

वन्सं,

रोस्नीचा तुम्हाला आणि आबांना सलाम. पत्राला उशीर झाला म्हणून रागावला असाल, पण पुढचं वाचलंत की राग जाईल. आपल्या हस्लिनचं ठरलं. मुलगा फाइरूझ, इथे पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात आहे. बोलायला कमी, जेवायला बरा. लग्न डिसेंबरच्या सुट्टीत, बारा तारखेच्या रविवारी. तर्मिझी असता तर त्याने आत्तापासून नारळ मोजायला घेतले असते. तुमचा भाऊ तुम्हाला ठाऊकच आहे.

बाप नाही, म्हणजे वली आजोबाच. तेव्हा आबांनी आमच्याकडे येऊन, दिवाणखान्यात बसून, आपल्या तोंडाने नातीचा हात द्यायचा. तुम्ही दोघं आठवडाभर आधी या. मटणाच्या रेंदांगच्या पातेल्यापाशी तुमच्याशिवाय कोणाला उभं करू?

आता घराची बातमी. पुढचं लाकडी दार मी काढलं. त्या जागी काचेचं सरकतं दार बसवलं, भिंतीपासून भिंतीपर्यंत. इथल्या ओळीत सगळ्यांकडे तसंच आहे, आमचंच घर तेवढं गुहेसारखं होतं. तर्मिझी गेल्यापासून त्या अंधारात मला बसवत नव्हतं, वन्सं. आता दाराशीच शिवणाचं मशीन मांडलंय, दिवसभर उजेड. फक्त डोंगर फोडणाऱ्या खाणीची धूळ येते म्हणून काच बंद ठेवावी लागते, आणि मग एअरकंडिशन लावावं लागतं. बसलेय थाटात.

एक गंमत सांगते. संध्याकाळी आत दिवा लावला की बाहेरचं काही दिसत नाही. दाराचा आरसा होतो. गिऱ्हाईक कधीही येतं म्हणून डोक्यावर रुमाल असतोच, आणि मशीनवर वाकलं की तो घसरतो. मग मी मान वर करते, काचेत बघून सारखा करते, परत कामाला लागते. हस्लिन म्हणते, आई, तू दारालाच नटून दाखवतेस.

या महिन्याच्या सुरुवातीला एका सकाळी पोर्चमध्ये चपलांच्या फळीशी कोणीतरी लांसातची टोपली ठेवून गेलं होतं. काय गोड फळं होती. शेजारच्या मिसेस फूंग अशा न सांगता काहीबाही ठेवतात, म्हणून मी त्यांना नारळाच्या वड्यांचा डबा पाठवला.

आबांचं काय म्हणणं ते लगेच कळवा.

तुमची,
रोस्नी

---

बोता,
५ सप्टेंबर

रोस्नी,

हस्लिनला माझा गालगुच्चा. एवढीशी होती, आमच्या नदीत कपड्यांसकट उतरायची, तिचं लग्न. मी तुझं पत्र वाचता वाचता दोनदा चष्मा पुसला.

आता जे लिहिते ते उभ्याने वाचू नकोस. आबांना मी लग्नाची बातमी वाचून दाखवली. खूश झाले, हो. मुलाच्या बापाचं नाव विचारलं, गाव विचारलं. मग म्हणाले, "वली म्हणून मी येईन. निकाह मशिदीत ठेवायला सांग. तिथून मी बसने परत येईन." मी म्हटलं, "आणि घरी?" तर म्हणाले, "त्या घरात मी पाय ठेवणार नाही." एवढं बोलून कोंबड्यांना दाणे टाकायला गेले.

मी विचारून विचारून थकले. तोंड शिवल्यासारखे बसतात. गेले काही महिने त्यांचं असंच आहे म्हणा. मशिदीत नवा माणूस आलाय, भोंगा आलाय. इतकी वर्षं आबांनी बांग दिली, नदीपलीकडची माणसं त्यांच्या आवाजावर शेतातला नांगर सोडायची. आता कमिटी म्हणते, हाजीसाहेब, तुम्ही आराम करा. आराम करणारा माणूस आहे का तो?

मला विचारशील तर सगळं त्या दारामुळे. ते चेंगलचं लाकूड आबांनी स्वतः निवडून, ट्रकवर घालून तुमच्या घरासाठी पाठवलं होतं. तू ते काढलंस आणि विचारलंही नाहीस. म्हणून तुझ्या काचेचं कौतुक मी त्यांना वाचून दाखवलं नाही, गाळलं. पण त्यांना कळलंय. कुठून कळलं, अल्ला जाणे.

तू एकदा माफी मागून टाक. मोठ्यांपुढे मान झुकवल्याने मान तुटत नाही.

सावदा

---

इपो,
१४ सप्टेंबर

वन्सं,

पत्र उभ्यानेच वाचलं, आणि मग बसले.

ते दार मी फेकलं नाही. त्याला चार पाय लावून घेतले आणि कापड बेतायचं टेबल केलं. रोज सकाळी त्याच्यावर हात फिरवून मी कामाला सुरुवात करते. तर्मिझीने त्या दारावर हस्लिनची उंची खिळ्याने कोरलेली होती, त्या रेघा अजून आहेत. विचारलं नाही, ही चूक माझी. त्याबद्दल माफी मागते, हजारदा मागते. आबांना हे जरूर वाचून दाखवा, काही गाळू नका.

पण खरं सांगू? माझी भीती दाराची नाहीच. नवरा गेल्यावर सासरची माणसं हळूहळू येईनाशी होतात, हे मी या ओळीतल्या दोन घरांत पाहिलंय. आधी ईदला येतात, मग पुढच्या ईदला निरोप येतो, मग निरोपही येत नाही. मला वाटायचं आमचं तसं होणार नाही. लग्नाला दोन्हीकडची माणसं जमतील, सगळे विचारतील, मुलीचे आजोबा कुठे आहेत? मी काय सांगू, मशिदीतून परस्पर गेले? म्हणजे मी त्यांची कोणी उरले नाही, असंच ना?

मशिदीत निकाह ठेवायला माझी हरकत नाही. पण त्यानंतर आबांनी माझ्या घरी बसून एक घास खावा, एवढंच मला हवंय. दुसरं काही नको.

सोबत त्यांच्यासाठी एक जोडी शिवून पाठवतेय, अंगरखा आणि सारोंग. माप तर्मिझीचं घेतलं, दोघांचे खांदे सारखेच होते.

रोस्नी

---

बोता,
१० ऑक्टोबर

रोस्नीबाई,

तुमची जोडी मिळाली. खिळ्याला टांगून ठेवली आहे. आबांनी हात लावलेला नाही.

माफीचं पत्र मी शब्द न् शब्द वाचून दाखवलं. दाराचं टेबल केलंय हे ऐकून ते म्हणाले, "चांगलं केलं. लाकूड वाया गेलं नाही." म्हणजे राग दाराचा नव्हताच. मग मी हट्टाला पेटले. म्हटलं, आज सांगितल्याशिवाय मी भात वाढणार नाही. तेव्हा बोलले.

ऑगस्टमध्ये ते "बातू गाजाला मित्राकडे जातो" म्हणून गेले होते. मित्रबित्र काही नाही, ते तुमच्याकडे आले होते. बांग बंद झाल्यापासून त्यांचं इथे मन लागत नव्हतं. चार दिवस सुनेकडे, नातीकडे राहावं म्हणून निघाले. मला सांगितलं नाही, कारण मी म्हटलं असतं, आधी कळवा. रस्त्यात बस बिघडली. मगरीबची, दिवेलागणीची नमाज तुमच्या तिथल्या मशिदीत पढून, टोपली घेऊन, अंधार पडल्यावर तुमच्या दाराशी आले. काचेतून तुम्ही समोर दिसत होतात. त्यांनी सलाम घातला. उत्तर नाही. दुसऱ्यांदा घातला. तुम्ही मान वर केली, सरळ त्यांच्याकडे पाहिलं, परका माणूस दिसल्यावर बाई करते तसा डोक्यावरचा रुमाल सारखा केला, आणि परत मशीनवर वाकलात. तरी त्यांनी तिसऱ्यांदा घातला. तीनदा सलाम घालायचा, उत्तर आलं नाही तर मुकाट्याने परत फिरायचं, हे त्यांनीच आम्हा भावंडांना शिकवलंय. ते फिरले. रात्र मशिदीच्या ओट्यावर काढली आणि सकाळच्या पहिल्या बसने आले.

मी त्यांना म्हटलं, काचेवर टकटक करायची होती. म्हणाले, "मी काय मागायला गेलो होतो?"

आणि ती टोपली. कोणी ठेवली माहीत नाही, असं तुम्ही मला इतक्या साळसूदपणे लिहिलंत, मला त्याचाच जास्त राग आला. माझ्या म्हाताऱ्या बापाची फळं खाऊन वर "काय गोड होती" म्हणून लिहायचं. माझा भाऊ असता तर हे घडलं नसतं, एवढंच म्हणते.

सावदा

---

इपो,
१७ ऑक्टोबर

वन्सं,

तुम्ही मला "बाई" म्हणालात ते लागलं. पण आधी मुद्द्याचं लिहिते, रडणं नंतर.

मी आबांना पाहिलं नाही. आपल्या हस्लिनची शपथ घेऊन सांगते. संध्याकाळी आत दिवा असला की त्या काचेत मला बाहेरचं काहीच दिसत नाही, माझंच तोंड दिसतं. मी मान वर केली ती स्वतःकडे बघायला. रुमाल सारखा केला तो स्वतःला बघून. काचेच्या पलीकडे, हातभर अंतरावर आबा उभे होते आणि मी त्यांच्या जागी स्वतःचं थोबाड बघत बसले होते. आणि ऐकू यायचं म्हणाल तर काच घट्ट बंद, एअरकंडिशनची घरघर, वर मशीनचा खडखडाट. बाहेर आभाळ कोसळलं तरी कळत नाही. मला काच नवी होती, वन्सं. तिचा हा गुण मला गंमत वाटला होता. मी तुम्हाला तो हसत हसत लिहिलाही होता.

टोपलीचं खरंच माहीत नव्हतं. आज मिसेस फूंगना जाऊन विचारलं. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "मी नाही ठेवली. तुझा डबा आला तेव्हा मला वाटलं लग्नाची मिठाई आहे, म्हणून मी हसून ठेवून घेतला." दोन महिने आम्ही दोघी एकमेकींना बघून हसतोय, कशाबद्दल ते दोघींनाही माहीत नाही.

तुमचं पत्र वाचल्यापासून माझ्या डोळ्यांपुढून एक गोष्ट हलत नाही. आबा मशिदीच्या ओट्यावर झोपले, आणि त्यांची गादी मी आत कपाटात धुऊन, घडी करून ठेवली होती. ते आले की लागते म्हणून वेगळी ठेवलेली आहे. तर्मिझी होता तेव्हापासून.

मी त्यांना लिहिणार नाही. म्हणतील, आता बनवून सांगतेय. तुम्हीही माझ्यावर विश्वास ठेवा असं म्हणत नाही. तुम्ही फक्त आबांना हे सांगा, आणि मग त्यांना वाटेल ते करू दे.

रोस्नी

---

बोता,
१ नोव्हेंबर

रोस्नी,

मी गाढव आहे. हे वाक्य जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी पंचायतीच्या नव्या ऑफिसात गेले. तिथे खिडक्यांना काच आहे. दिवा लावायला सांगितला आणि काचेपाशी जाऊन उभी राहिले. समोर एक जाडी, रागीट बाई. ती मीच होते. शिपाई म्हणाला, "काकू, काही हवंय का?" मी म्हटलं, काही नको, अक्कल हवी होती, मिळाली. मला माफ कर, पोरी. भावाचं नाव मध्ये आणलं, ते तर अजिबात आणायला नको होतं.

आबांना सगळं सांगितलं. त्यांना मुळीच पटलं नाही. दिसण्याचं एक वेळ मान्य करतील, पण ऐकू आलं नाही हे काही केल्या गळी उतरेना. "माझा आवाज नदीपलीकडे जातो. बोटभर काचेच्या पलीकडे जात नाही?" मी म्हटलं, अहो, काच निराळी, नदी निराळी. तर म्हणाले, "मग कमिटीचं खरंच आहे म्हण ना. आवाज गेला माझा." आणि उठून गेले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तू त्यांना पाहून तोंड फिरवलंस, हे त्यांना सोसत होतं. आवाज पोचला नाही, हे सोसत नव्हतं. सुनेवर रागावून बसणं सोपं होतं बिचाऱ्यांना.

काल संध्याकाळी आपणहून विचारलं, "इपोच्या बसची वेळ बदलली का ग?" आज सकाळी उठून बघते तर खिळ्यावरची जोडी नाही आणि आबाही नाहीत. मच्छीवाला म्हणाला, हाजीसाहेब स्टँडवर दिसले, नवे कपडे घालून.

हे पत्र तुला मिळेल तेव्हा ते तिथे असतील, किंवा येऊन गेले असतील. रोस्नी, या वेळी बाहेर लक्ष ठेव. काय झालं ते मिळेल त्या टपालाने कळव, माझा जीव टांगणीला आहे.

सावदा

---

इपो,
६ नोव्हेंबर

वन्सं,

आबा इथे आहेत. आत झोपलेत, आपल्या गादीवर. घोरतातही. तुम्ही आता शांतपणे जेवा.

सोमवारी दुपारी आले. ऊन होतं, काच उघडी होती, मी टेबलावर कापड पसरून उभी होते. फाटकातूनच सलाम आला. मी "वालैकुम सलाम" म्हणत धावले, पायात चपला नाहीत, हातात कात्री. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कात्रीकडे पाहिलं, म्हणाले, "मारणार आहेस का?" मी कात्री तिथेच खाली ठेवली. दोन्ही हातांनी त्यांचा हात धरून त्यांना आत आणलं.

अंगरखा खांद्यात अगदी बरोबर बसलाय.

जेवले. आंबट तेम्पोयाक घातलेली मासळी दोनदा मागून घेतली. दाराच्या टेबलावरून हात फिरवला, हस्लिनच्या उंचीच्या रेघा बोटाने चाचपल्या. मगरीब घरातच पढले. आणि मग म्हणाले, "आता त्या दिवशीसारखं सगळं कर. काच लाव. तुझं ते थंड यंत्र लाव. हस्लिन, दुसऱ्या मशीनवर बस आणि चालव. मी हिच्या खुर्चीवर बसतो. आणि रोस्नी, तू बाहेर जा. तीनदा सलाम घाल. मोठ्याने, लाजायचं नाही."

मी पोर्चमध्ये जाऊन उभी राहिले. काचेतून सगळं लख्ख दिसत होतं. आबा माझ्या खुर्चीत, हातात पेपर. मी सलाम घातला. काही नाही. दुसऱ्यांदा इतक्या मोठ्याने घातला की मिसेस फूंग खिडकीत आल्या. आणि वन्सं, तेव्हाच आबांनी मान वर केली. सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. मला ठाऊक होतं की त्यांना मी दिसत नाहीये, तरी मी एक पाऊल मागे सरले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, केस मागे सारले, टोपी नीट बसवली आणि पुन्हा पेपर उघडला.

मी तिसऱ्यांदा घातला. या वेळी आवाज फाटला माझा.

तिसऱ्यानंतर परत फिरायचं असतं. मी फिरले. फाटकापर्यंत चालत गेले, काही ठरवून नाही, पायच गेले. एवढंसं ते अंगण. पण आतलं माणूस आपल्याकडे बघून मान खाली घालतं आणि आपण पाठ फिरवून चालायला लागतो, तेव्हा ते कसं वाटतं ते मला कळलं. खेळात कळलं तरी रडू आलं. त्या दिवशी आबांचं तर सगळं खरंच होतं, पुढे अंधार आणि मागे ठेवलेली टोपली.

मागे दार सरकल्याचा आवाज आला. आबा अनवाणी बाहेर आले होते. किती वेळ झाला तरी मी आत आले नाही म्हणून ते उठले होते. "घातलास का सलाम?" त्यांनी विचारलं.

"तीनदा घातला, आबा."

"मला एकही ऐकू आला नाही."

"मला माहीत आहे. तुम्ही टोपी सारखी केलीत."

त्यांनी डोक्याला हात लावला. टोपी तिथेच होती, सरळ, नीट. मग पोर्चच्या पायरीवर बसले. मी शेजारी बसले. मिसेस फूंग अजून खिडकीतच होत्या, असू देत म्हटलं. शेवटी आबा म्हणाले, "माझ्या सलामांची तीन उत्तरं राहिलीत तुझ्याकडून. ऑगस्टपासून."

मी तिन्ही दिली, एकेक करून. ते दर वेळी मान हलवत होते, हिशोबाला बसलेल्या दुकानदारासारखे.

निकाहाचं अजून काही बोलले नाहीत. विचारायचं धाडस मला नाही. रविवारी बसमध्ये बसवून देते, तुम्हीच काढून घ्या त्यांच्या तोंडून.

रोस्नी

---

बोता,
१५ नोव्हेंबर

रोस्नी,

आबा पोचले. गावभर सांगत सुटलेत की इपोच्या काचेपुढे कोणाचाच आवाज चालत नाही, नव्या माणसाचा भोंगाही चालणार नाही. काल मशिदीत वीज गेली, तेव्हा कमिटीला हाजीसाहेबांची आठवण झाली. मी घाटावर कपडे धूत होते. पलीकडच्या काठावर एकाने बांग ऐकून मोटरबोट बंद केली. मी घरी येऊन त्यांना सांगितलं तर म्हणाले, "ते मला माहीतच होतं."

लग्नाचं विचारलं, तर म्हणाले, मी लिहितो. मला कागद मागितला आणि माझ्याकडे पाठ करून बसले. खाली त्यांचं अक्षर आहे. जुनं वळण आहे, सावकाश लावून वाच.

सावदा

रोस्नी, माझ्या मुली,

निकाह घरातच ठेव. मी दहा तारखेला येतो. सावदाही येईल, ती पातेल्यापाशी उभी राहून सगळ्यांना ओरडेल, तिला ओरडू दे.

संध्याकाळी दार वीतभर उघडं ठेवत जा. धूळ आली तर येऊ दे.

तीनदा सलाम घालून परत फिरायचं, हे मीच तुम्हा सगळ्यांना शिकवलं. तुझ्या दाराशी मी चौथ्यांदाही घालीन.

आबा